रेकॉर्डवर नसलेली दहा वर्षे

एप्रिल १९८९मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉली गावी राहणाऱ्या किरणजीत अहलुवालिया यांनी घर सोडून गेलेल्या आपल्या नवऱ्याला एक पत्र लिहिले. तो परत आला तर आपण काय काय सोडून देऊ, हे त्यांनी त्यात एकामागून एक नोंदवले होते. काळी कॉफी पिणार नाही, दर आठवड्याला बाजारात जाणार नाही, हिरवी मिरची खाणार नाही, केस रंगवणार नाही, शेजारच्या घरी जाणार नाही, मैत्रिणी सोडून देईन आणि आवडत नसेल तर हसणारही नाही. हे पत्र आज आपल्याला वाचायला मिळते ते लंडनच्या अपील न्यायालयाने ३१ जुलै १९९२ रोजी दिलेल्या निकालपत्रात. लॉर्ड टेलर हे तेव्हाचे इंग्लंडचे सरन्यायाधीश त्या पीठावर होते. हे निकालपत्र मी प्रथम वाचले तेव्हा कायद्याच्या मुद्द्यांपेक्षा ती हिरवी मिरचीच माझ्या मनात राहिली, आणि इतक्या वर्षांनंतरही ती तिथून हललेली नाही.

मी फौजदारी अपिले चालवते. त्यांतली बरीचशी विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशा कैद्यांची. सध्या माझ्या टेबलावर एका बाईचे पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा बांधलेला संच, आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी येथे बदलले आहेत, परंतु घडले ते असेच. लग्नाला अकरा वर्षे झालेली असताना एका रात्री तिने झोपलेल्या नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला. सत्र न्यायालयाने कलम ३०२ खाली तिला जन्मठेप दिली. घटनास्थळाच्या पंचनाम्यात त्या वरवंट्याचे वर्णन आहे: काळ्या दगडाचा, एका टोकाला झिजलेला, एका बाजूस लालसर डाग, आणि झिजलेल्या टोकाच्या खाचेत वाळलेल्या चटणीचे कण. तपास करणाऱ्या अंमलदाराने चटणीची नोंद कशासाठी केली हे मला माहीत नाही. बहुधा मुद्देमाल ओळखता यावा म्हणूनच केली असेल. त्या दोनशे पानांत तिच्या संसाराविषयी मिळणारी सर्वांत खरी नोंद मात्र तीच आहे.

अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अपिलात साक्षीदार येत नाहीत, आरोपीही बहुतेक वेळा समोर नसतो. समोर असते ते रेकॉर्ड. उच्च न्यायालयाला पुराव्याचे नव्याने मूल्यमापन करण्याचा पूर्ण अधिकार असतो, परंतु ते मूल्यमापन ज्याचे करायचे तो पुरावा आधी कागदावर आलेला असावा लागतो. जे खालच्या न्यायालयात कुणी विचारले नाही, ते वरच्या न्यायालयाच्या दृष्टीने घडलेलेच नसते. म्हणून अशा प्रकरणात माझ्यासारख्या वकिलाचे पहिले काम युक्तिवाद शोधण्याचे नसून, त्या बाईची वर्षे रेकॉर्डमध्ये कुठे कुठे शिल्लक राहिली आहेत ते शोधण्याचे असते.

किरणजीत यांची दहा वर्षे अशीच हरवली होती. पंजाबातल्या सुस्थित घरात जन्मलेल्या या मुलीने पदवी घेतली होती आणि तिला पुढे कायदा शिकायचा होता. घरच्यांनी लग्नासाठी तगादा लावला तेव्हा ती कॅनडात भावाकडे गेली आणि तिथेच १९७९मध्ये, कधीही न पाहिलेल्या दीपक अहलुवालिया याच्याशी तिचे लग्न झाले. मारहाण सुरुवातीपासूनच होती. १९८१मध्ये त्याने टेलिफोन उचलून तिच्या डोक्यात हाणल्याची नोंद डॉक्टरांच्या कागदांत आहे. तिने दोनदा न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवले, आत्महत्येचेही प्रयत्न केले. आणि मग ते पत्र लिहिले.

८ मे १९८९च्या रात्री नवरा घरी आला आणि त्याने संबंध संपल्याचे तिला सांगितले. टेलिफोनच्या बिलासाठी २०० पौंड हवेत, सकाळपर्यंत दिले नाहीस तर मारीन, असे त्याने बजावले. तो पँटला इस्त्री करत होता, तेव्हा मला एकटे सोडले नाहीस तर याच इस्त्रीने तोंड भाजीन, अशी धमकी त्याने दिली. ती झोपायला गेली, पण झोप आली नाही. पहाटे अडीचच्या सुमारास ती उठली, काही दिवसांपूर्वी आणून ठेवलेले पेट्रोल घेऊन नवऱ्याच्या खोलीत गेली आणि आग लावली. शेजारी धावून आले तेव्हा ती मुलाला कवटाळून खिडकीशी शांत उभी होती, आणि बाहेर ये म्हणून ते ओरडत असताना, मी नवऱ्याची वाट पाहते आहे, असे तिने त्यांना सांगितले. सहा दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला.

डिसेंबर १९८९मध्ये लुईस येथील क्राऊन कोर्टात खटला चालला. तिने स्वतः साक्ष दिली नाही. ठार मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा तिचा इरादा नव्हता, तिला फक्त थोडी वेदना द्यायची होती, असा तिच्या वकिलांचा मुख्य बचाव होता, आणि दहा वर्षांच्या छळाचा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर गेला. सरकार पक्षाकडे पेट्रोलची आधी केलेली खरेदी होती, नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी असलेले संबंध होते, आणि तुरुंगातून सासूला लिहिलेले एक पत्र होते. नवऱ्याने इतकी पापे केली होती की ती धुऊन काढण्यासाठी मी त्याला अग्निस्नान घातले, असे तिने त्यात लिहिले होते. आपल्याकडच्या कोणत्याही सासुरवाशिणीला हे वाक्य ऐकताच कळेल की ते धर्माच्या आणि प्रायश्चित्ताच्या भाषेतून आले आहे, आणि सासूला समजेल अशाच शब्दांत ती सून सासूशी बोलते आहे. सरकार पक्षासाठी मात्र ते थंड डोक्याने घेतलेल्या सुडाचे कबुलीपत्र होते. ज्युरीने तिला खुनासाठी दोषी ठरवले. इंग्लंडमध्ये खुनाला जन्मठेपेखेरीज दुसरी शिक्षा नाही, त्यामुळे न्यायाधीशांच्या हाती पुढे काही उरलेच नाही.

ज्या नियमावर तिचा छळाचा बचाव अडला तो १९४९च्या डफी खटल्यातला आहे. प्रक्षोभाचा बचाव, म्हणजे समोरच्याने चिथावल्यामुळे हातून घडले, म्हणून खुनाऐवजी कमी गंभीर गुन्हा धरावा हे म्हणणे, हवा असेल तर आरोपीचा स्वतःवरचा ताबा अकस्मात आणि तात्पुरता सुटलेला असला पाहिजे, असे न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी त्यात ज्युरीला सांगितले होते, आणि पुढची साठ वर्षे इंग्लंडमधली न्यायालये तेच वाक्य वापरत राहिली. ती डफीसुद्धा नवऱ्याचा मार खाणारी बायको होती आणि तिनेही झोपायला गेलेल्या नवऱ्यावरच वार केले होते. या नियमाची मोजपट्टी मुळातच अशा माणसाच्या अंगाची आहे ज्याला राग आल्याक्षणी हात उगारता येतो. ज्याला उलटा मार बसेल, ज्याची उंची आणि वजन समोरच्यापेक्षा कमी आहे, ज्याची मुले शेजारच्या खोलीत झोपली आहेत, त्या माणसाचा राग असा बाहेर येत नाही. तो धुमसतो. ‘आतल्या आत धुमसणे’ ही क्रिया आपल्या भाषेत जितकी रोजची आहे तितकी कायद्यात अनोळखी आहे.

शिशुपालाचे शंभर अपराध भरले, असे आपण सहज म्हणून जातो. श्रीकृष्णाने ते मोजले, शंभरापर्यंत सोसले आणि मग सुदर्शन चक्र सोडले. शेवटचा अपराध स्वतंत्रपणे पुरेसा गंभीर होता काय, आणि तो व चक्र यांच्यामध्ये किती वेळ गेला, असा प्रश्न ही कथा ऐकताना आजवर कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. अपराध साठतात आणि त्या साठण्यालाच वजन असते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पटलेले आहे. एखादी बाई न्यायालयात उभी राहिली की मात्र आपण फक्त शेवटचा अपराध मोजायला बसतो, आणि तो २०० पौंडांचा किंवा आमटीत मीठ जास्त पडल्याचा निघतो.

लंडनमधल्या साउथॉल भागात १९७९पासून काम करणाऱ्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या स्त्रियांच्या संघटनेने तिचे प्रकरण हाती घेतले. प्रज्ञा पटेल आणि त्यांच्या सहकारी तुरुंगात तिला भेटत राहिल्या, तिच्याकडून तिची हकीकत काढत राहिल्या. अपिलात तिच्या बाजूने जेफ्री रॉबर्टसन उभे राहिले. त्याच सुमारास सारा थॉर्नटन हिचे तशाच स्वरूपाचे अपील जुलै १९९१मध्ये फेटाळले गेले होते, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, दारू पिणाऱ्या जोडीदारणीला लाथांनी मारून टाकणाऱ्या एका पुरुषाला दुसऱ्या न्यायालयाने निलंबित शिक्षा देऊन घरी पाठवले होते. साराने तुरुंगात उपोषण केले. तिचा दोषही पुढे खुनावरून सदोष मनुष्यवधावर, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्ह्यावर, आला, पण त्याला १९९६ उजाडले.

किरणजीत यांच्या अपिलात तीन मुद्दे होते आणि त्यांतले दोन न्यायालयाने नाकारले. ‘अकस्मात’ हा शब्द बदलणे संसदेचे काम आहे, आमचे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. एवढे मात्र मान्य केले की मधे वेळ गेला म्हणून बचाव आपोआप बाद होत नाही, जरी वेळ जितका जास्त आणि तयारी जितकी स्पष्ट तितका तो टिकणे कठीण होते. सतत मार खाऊन घडलेल्या मनःस्थितीचा विचार व्हावा हा दुसरा मुद्दाही, खटल्यात तसा पुरावाच नव्हता म्हणून, टिकला नाही. टिकला तो तिसरा. खटल्यापूर्वी एका मानसोपचारतज्ज्ञाने तिला खोल नैराश्याचा आजार असल्याचे लिहून दिले होते आणि तो अहवाल वापरलाच गेला नव्हता. त्याविषयी तिला कुणी नीट विचारलेही नव्हते. १९६८च्या फौजदारी अपील कायद्याखाली न्यायालयाने हा नवा पुरावा स्वीकारला, खुनाचा दोष रद्द केला आणि फेरखटल्याचा आदेश दिला. २५ सप्टेंबर १९९२ रोजी, मनोविकारामुळे जबाबदारी क्षीण झाल्याच्या कारणावर, सदोष मनुष्यवधाची तिची कबुली स्वीकारली गेली. शिक्षा झाली तीन वर्षे चार महिन्यांची, म्हणजे नेमकी तोवर भोगून झाली होती तितकीच, आणि ती त्याच दिवशी सुटली.

ती सुटली याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तरीही हे निकालपत्र मिटवताना दर वेळी काहीतरी खुपते. ती आजारी होती हे कायद्याला मान्य करता आले, तिच्यावर अन्याय झाला होता हे मान्य करणे त्याला जड गेले. दहा वर्षे जे तिच्या अंगावर घडले त्याला प्रवेश मिळाला तो रोगाच्या दाराने. तिच्या आधी आणि नंतर ज्या बायका मनाने खणखणीत होत्या, ज्यांना नैराश्य नव्हते पण भीती होती, त्यांच्यासाठी ते दार बंदच राहिले. इंग्लंडच्या संसदेने २००९मध्ये कायदा केला आणि ४ ऑक्टोबर २०१०पासून प्रक्षोभाचा जुना बचाव संपून त्या जागी ‘ताबा सुटणे’ हा नवा बचाव आला. त्यात ताबा अकस्मातच सुटला पाहिजे ही अट उरली नाही, आणि गंभीर हिंसेची भीती हे कारण स्वतंत्रपणे मान्य झाले. तरीही नवऱ्याला मारणाऱ्या सॅली चॅलेन हिचा खुनाचा दोष २०१९मध्ये रद्द झाला तो मुख्यतः नव्या मानसोपचारविषयक पुराव्यावरच. मनावर कब्जा ठेवणारी नवऱ्याची वागणूक तोवर इंग्लंडमध्ये स्वतंत्र गुन्हा झाली होती, तरी दार तेच होते.

आपल्याकडे शब्द आहेत ‘गंभीर आणि अकस्मात प्रक्षोभ’. मेकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या दंड संहितेतील, खून म्हणजे काय ते सांगणाऱ्या कलम ३००चा तो पहिला अपवाद, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१मध्येही तो जवळजवळ तसाच आहे. या शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध अर्थ मुंबईतल्याच एका खटल्यातून आला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. पत्नीची कबुली आणि गोळ्या यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते, तेवढ्यात मन शांत व्हायला पुरेसा वेळ होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हा अपवाद दिला नाही. एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे मी तरुण वकिलांचे लक्ष नेहमी वेधते. मृताच्या पूर्वीच्या कृत्यांनी आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली असेल, तीही प्रक्षोभ ठरवताना विचारात घेता येईल, असे न्यायालयाने तिथे म्हटले आहे. एका बंगल्यातल्या प्रेमप्रकरणाच्या निकालातले ते वाक्य वाड्यावस्तीवरच्या कितीतरी बायकांच्या कामी येऊ शकते.

मद्रास उच्च न्यायालयाने १९८९मध्ये, म्हणजे किरणजीत यांना जन्मठेप झाली त्याच वर्षी, असा विचार कामी आणला. सुयंबुक्कनी या स्त्रीने नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेतली, मुले गेली आणि ती वाचली, आणि तिच्यावर खुनाचा आरोप आला. कायद्यातला अपवाद ‘अकस्मात’ म्हणत असला तरी ‘सतत चालू राहिलेला प्रक्षोभ’ हाही न्यायालयांनी घडवलेला अपवाद आहे, असे म्हणत न्यायालयाने खुनाचा दोष सदोष मनुष्यवधावर आणला. निकाल लिहिताना न्यायमूर्तींना आठवली ती तमिळ लोककथेतली नल्लतंगाळ, सात मुलांना विहिरीत टाकून स्वतः मागोमाग जाणारी. २०१३मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने मंजू लाकरा हिच्या अपिलात, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या हातातली काठी हिसकावून त्यालाच मारणाऱ्या बाईच्या बाबतीत, हीच वाट पुढे नेली.

म्हणजे वाट आहे. अडचण तिच्यावर उभे राहण्यासाठी लागणाऱ्या कागदांची आहे.

माझ्या टेबलावरच्या पेपरबुकात तीन एनसी आहेत. मार खाऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईची तक्रार अदखलपात्र म्हणून वहीत उतरवतात, तिला एक नक्कल देतात आणि घरी पाठवतात. बोलताना आपण ‘एनसी घेतली’ म्हणतो. या तिन्ही एनसी रेकॉर्डवर आणल्या त्या सरकार पक्षाने. मयताविषयी आरोपीच्या मनात राग होता, हा हेतू सिद्ध करण्यासाठी त्या निशाणी म्हणून दाखल झाल्या. जो इतिहास तिच्या बाजूने बोलायला हवा होता तोच तिच्याविरुद्ध उभा राहिला, आणि तिच्या वकिलाने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. त्याला तरी दोष कसा देऊ? तिचा बचाव संपूर्ण नकाराचा होता. मी केलेच नाही असे म्हटल्यावर, का केले ते सांगायची सोय राहत नाही. शेजारणीच्या सरतपासणीत एक वाक्य आहे, ‘नवराबायकोची भांडणे नेहमीच होत असत.’ उलटतपासणीत तिला विचारले गेले ते त्या रात्री बाहेर दिवा होता की नव्हता एवढेच. ग्रामीण रुग्णालयाच्या एका जुन्या केसपेपरवर डाव्या मनगटाचे हाड मोडल्याची नोंद आहे आणि कारणाच्या रकान्यात ‘पडून’ असे लिहिले आहे. तो कागद तर दाखलही झाला नव्हता. तिच्या बहिणीने तो मला एका पिशवीतून, लाईट बिलांच्या गठ्ठ्यासोबत आणून दिला.

हा कागद अपिलात आणायचा तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम ३९१खाली, जादा पुराव्यासाठी, अर्ज करावा लागेल. तो तेव्हाच का आणला नाही, असे विचारले जाईल. तेव्हा बहिणीला कुणी विचारले नाही, हेच खरे उत्तर आहे, आणि ते न्यायालयाच्या भाषेत कसे लिहायचे यावर मी दोन आठवडे घालवले आहेत.

मयताचाही विचार माझ्या मनात येतो, आणि तो यायलाच हवा. किरणजीत यांचा नवरा सहा दिवस भाजलेल्या अंगाने जगला. माझ्या अशिलाच्या सासूने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून, माझा एकुलता एक मुलगा होता, एवढेच सांगितले आणि ती रडू लागली, असे न्यायाधीशांनी साक्षीखाली नोंदवले आहे. झोपलेल्या माणसाला मारणे क्षम्य आहे, असे मी कोणत्याही न्यायालयात म्हणणार नाही. खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यामध्ये कायद्याने जे अंतर ठेवले आहे ते अशाच प्रकरणांसाठी ठेवले आहे, आणि ते अंतर मोजण्यासाठी एका रात्रीऐवजी अकरा वर्षे मोजावीत, इतकीच माझी मागणी आहे.

खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला पुराव्यातली एकेक गोष्ट सांगून त्यावर त्याचे म्हणणे विचारतात. त्याला आम्ही ३१३चा जबाब म्हणतो. तिला एकूण बावन्न प्रश्न विचारले गेले. जवळजवळ सगळ्यांना तिचे उत्तर आहे ‘खोटे आहे’ किंवा ‘मला माहीत नाही’. बावन्नावा प्रश्न नेहमीचाच होता, तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे काय, आणि त्यापुढे टंकलेखकाने लिहिले आहे, ‘नाही’.

गेल्या महिन्यात मी तिला तुरुंगात भेटले. मधे टेबल होते, माझ्यापुढे कोरे फुलस्केप होते. तिला मी बावन्नावा प्रश्न पुन्हा विचारला. ती बराच वेळ बोटांची नखे पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘ताई, कुठून सांगू?’ मी म्हटले, हळद लागल्यापासून सांग. तिने सुरुवात केली, अडखळत, मधेच मागे जाऊन एखादी विसरलेली गोष्ट जोडत, तारखांऐवजी सणवार आणि मुलांचे दात सांगत. मी लिहीत गेले. नऊ पाने झाली. वेळ संपल्याचे सांगायला शिपाईबाई आत आल्या, तेव्हा आम्ही लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीपर्यंत पोहोचलो होतो.